लॉक पुसायचा, प्रोग्रॅम ठेवायचा: खिडकीवाल्या ८७५१ वर यूव्हीचं काम

जालन्याच्या एका री-रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघणाऱ्या मित्राचा प्रश्न आहे. फ्लाइंग शिअरच्या (धावती सळई कापणाऱ्या यंत्राच्या) कंट्रोल कार्डावर खिडकी असलेली ८७५१ एच आहे, म्हणजे प्रोग्रॅम आतच साठवणारी मायक्रोकंट्रोलर चिप. कार्ड बनवणारी फर्म केव्हाच बंद पडली. मिलमध्ये अशी दोनच कार्डं उरलीत आणि त्यातलं एक अधूनमधून सळईची लांबी चुकवतं. प्रोग्रॅमरवर (चिप वाचायच्या-लिहायच्या यंत्रावर) लावली की चिप लॉक असल्याचं, म्हणजे आतला प्रोग्रॅम वाचू देत नसल्याचं दिसतं. यूव्हीने फक्त लॉक पुसून आतला प्रोग्रॅम काढता येतो हे खरं का, आणि त्यासाठी चिप मे महिन्यात गच्चीवर उन्हात ठेवली तर चालेल का, असं त्यांनी विचारलंय.

खरं आहे, आणि जुनी ८७५१ या कामाला फार सोयीची चिप आहे. ऊन मात्र अजिबात नको. त्याच्याही आधी एक गोष्ट सांगतो, जी तुम्ही विचारलेली नाही: लॉक डायवर (खिडकीतून दिसणाऱ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर) नेमका कुठे बसलाय हे तुमच्या कार्डावरच्या चिपवर शोधायचं नसतं. त्याच नंबरच्या, त्याच कंपनीच्या दोन-चार भंगारातल्या चिप आधी गोळा करा. जुन्या सीएनसीची, टेलिफोन एक्स्चेंजची, पीसीओच्या मीटरची कार्डं भंगारात अजून सापडतात. सगळे प्रयोग त्यांच्यावर करायचे. तुमच्या खऱ्या चिपवर उजेड पडेल तेव्हा काय होणार हे तुम्हाला आधीच माहीत असलं पाहिजे.

त्याहून आधी हे तपासा, की दोष चिपमध्ये आहे तरी का? लांबी अधूनमधून चुकते म्हटल्यावर माझा पहिला संशय एन्कोडरच्या (फिरणं मोजून पल्स देणाऱ्या सेन्सरच्या) कपलिंगवर, दुसरा पाच व्होल्ट सप्लायच्या सुकलेल्या कपॅसिटरवर आणि तिसरा आयसीच्या बेसवर जातो. भट्टीची धग आणि स्केलची धूळ यांनी बेसच्या पट्ट्या काळ्या पडतात. दोन्ही कार्डांतल्या चिप अदलाबदल करून बघा. दोष चिपबरोबर सरकला तर चिप, कार्डाबरोबर राहिला तर कार्ड. काढताना चाळीस पाय एकदम उचलायचे, एका बाजूने पेचकस घालून उपटायची नाही. सिरॅमिक पॅकेजला तडा गेला की पुढचं सगळंच संपलं. दोष कार्डात निघाला तरी प्रोग्रॅमची प्रत काढून ठेवण्याचं कारण उरतंच, म्हणून पुढचं सांगतो.

ही मेमरी चालते कशी ते थोडं समजून घ्या, कारण पुढची प्रत्येक युक्ती त्यावरच उभी आहे. प्रत्येक सेलमध्ये पॉलिसिलिकॉनचा एक तुकडा असतो, चारी बाजूंनी सिलिकॉन डायऑक्साइडने बंद केलेला. त्याला फ्लोटिंग गेट म्हणतात. ही कल्पना १९६७ मध्ये बेल लॅबमध्ये डावोन कांग आणि सायमन झी यांनी मांडली. तिच्यावरून उजेडाने पुसता येणारी पहिली विकाऊ चिप इंटेलच्या डोव्ह फ्रोमन यांनी १९७१ मध्ये काढली, ती १७०२, अवघ्या २०४८ बिटची. प्रोग्रॅम करताना जास्त व्होल्टेज देऊन त्या गेटवर इलेक्ट्रॉन चढवतात. इलेक्ट्रॉन असले की सेल शून्य वाचला जातो, नसले की एक. कोऱ्या चिपमध्ये सगळीकडे एफएफ (हेक्समध्ये आठही बिटं एक) दिसतं ते त्यामुळेच.

आत अडकलेल्या इलेक्ट्रॉनला ऑक्साइड ओलांडायला सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. आडात पडलेल्या माणसाला काठापर्यंत पोचण्याइतकी उडी एका दमात मारता आली नाही, तर शंभर छोट्या उड्या मारून तो बाहेर येत नाही. प्रकाशाचंही तसंच आहे. उजेड किती भगभगीत यापेक्षा प्रत्येक फोटॉनमध्ये किती ऊर्जा हे आधी बघावं लागतं. ४०० नॅनोमीटरला ती ३.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, म्हणजे काठाच्या जरा खालीच. पाऱ्याच्या जंतुनाशक नळीतून २५३.७ नॅनोमीटरचा प्रकाश निघतो, त्याच्या फोटॉनमध्ये जवळपास ४.९. नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चचे फोटॉन कसेबसे काठाशी पोचतात, म्हणून त्या टॉर्चने रात्रभर उजेड पाडला तरी हाती काही लागत नाही. साधी काच २५४ नॅनोमीटर अडवते, त्यासाठी चिपवरची खिडकी क्वार्ट्झची असते.

उन्हाचं उत्तर यातच आलं. २५४ नॅनोमीटरचा भाग वातावरणातला ओझोन खाऊन टाकतो. जमिनीवर येतं ते त्याच्या बरंच वरचं, हळू काम करणारं. इंटेलच्या डेटाशीटमध्ये थेट उन्हात साधारण एक आठवडा आणि खोलीतल्या ट्यूबलाइटखाली साधारण तीन वर्षं असा अंदाज दिलेला असे. आठवडाभर गच्चीवर ठेवायचं म्हणजे दिवसभर सूर्य सरकणार, सावली सरकणार, झाकलेल्या भागातही तिरका उजेड शिरणार आणि किती मात्रा गेली याचा हिशेब राहणार नाही. आपल्याला मात्र मोजूनमापून द्यायची आहे. हाच आकडा दुसऱ्या बाजूनेही लक्षात ठेवा: ज्या चिपच्या खिडकीवरचं लेबल गळून पडलंय आणि पॅनलचं दार उघडं आहे, तिचा डेटा रोज थोडा थोडा जातोय.

आता लॉक. ८७५१ एच मधलं सिक्युरिटी बिट हे त्याच जातीचं एक सेल आहे. ते शून्य केलं की बाहेरून प्रोग्रॅम वाचता येत नाही, बाहेरच्या मेमरीतून कोड चालवून आतलं वाचायची वाटही बंद होते. पुसलं की चिप पुन्हा मोकळी. रचना करणाऱ्यांनी धरलं होतं की उजेड पडेल तो सगळ्या डायवर पडेल, म्हणजे लॉकबरोबर प्रोग्रॅमही जाईल. पण डाय काही मिलिमीटरची असते आणि लॉकचं सेल मुख्य मेमरीपासून बाजूला ठेवलेलं असेल, तर एकावर उजेड आणि दुसऱ्यावर सावली पाडता येते. रॉस अँडरसन आणि मार्कुस कून यांनी १९९६ मध्ये छेडछाडीला चिप किती टिकतात यावर निबंध लिहिला, त्यात जुन्या मायक्रोकंट्रोलरची ही कमजोरी स्पष्ट नोंदवली आहे. पुढे केंब्रिज विद्यापीठाच्या सर्गेई स्कोरोबोगातोव यांचा २००५ चा अहवाल यूव्हीच्या कामावर बराच खोलात जातो.

कार्डावर ८७५१ शेजारी २७सी६४ किंवा २७सी२५६ अशी वेगळी खिडकीवाली चिप असेल तर तिला लॉक नसतोच. ती सरळ वाचा, तिथे उजेडाचं काही काम नाही.

दिव्याकडे येतो. बाजारात तयार ईप्रॉम इरेझर (अशा यूव्हीने पुसायच्या मेमरीसाठीची दिव्याची पेटी) मिळतो तो चालेल, पण या कामासाठी मी तो उघडून वापरायला सांगेन. त्यातली नळी जवळ असते आणि मागचा चकचकीत पत्रा सगळीकडून प्रकाश फेकतो. पूर्ण चिप पुसायला ते उत्तम, अर्धी झाकून पुसायला वाईट. आरओ फिल्टरच्या यूव्ही कप्प्यात असते ती ११ वॉटची नळीही २५४ नॅनोमीटरचीच. चोक तिला जुळणारा घ्या. डेटाशीटची मात्रा दर चौरस सेंटिमीटरला १५ वॉट-सेकंद आहे, म्हणजे १२,००० मायक्रोवॅटच्या दिव्याखाली एका इंचावर वीस ते तीस मिनिटं. त्यात बरीच सूट धरलेली असते. प्रत्यक्षात पहिली बिटं खूप आधी पडायला लागतात आणि प्रत्येक सेलची वेळ थोडी वेगळी असते. नळी जुनी झाली की निळसर उजेड तेवढाच दिसतो, पण २५४ चा भाग घटलेला असतो. म्हणून दिव्याची मात्रा घड्याळावरून ठरवू नका, भंगारातली चिप त्याच जागी ठेवून पुसायला किती वेळ लागतो यावरून ठरवा.

डोळे सांभाळा, हे मी उपचार म्हणून लिहीत नाही. तुमच्या मिलमध्ये ज्याला "वेल्डिंग लागलं" म्हणतात, तेच यातून होतं. त्या वेळी काही कळत नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि रात्र बसून काढावी लागते. पेटीचं झाकण उघडलं की दिवा आपोआप बंद झाला पाहिजे, असा मायक्रोस्विच लावल्याशिवाय नळी पेटवू नका.

आता मुख्य काम, झाकण्याचं. खिडकीवर आधीच्या लेबलचा गोंद असतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण काढा. गोंदाचा पातळ थरही २५४ शोषतो आणि त्याखालचा भाग पुसला न गेल्याने तुमचा नकाशा चुकतो. मग यूएसबी मायक्रोस्कोपखाली खिडकीतून बघा. मेमरी ओळखायला सोपी असते: डायवर एकसारख्या बारीक वीणीचा, एकाच रंगाचा चौकोनी पट्टा. बाकी लॉजिक विस्कटलेलं दिसतं. लॉकचं सेल डोळ्यांनी ओळखता येईल अशी आशा धरू नका. ते प्रयोगानेच सापडतं.

झाकायला ॲल्युमिनियम फॉइलची चिकटपट्टी घ्या, नव्या ब्लेडने एक कड सरळ कापा. इथे एक बारकावा आहे. पट्टी खिडकीच्या वर बसते आणि डाय तिच्याखाली साधारण मिलिमीटरभर अंतरावर असते, त्यामुळे सावलीची कड धूसर पडते. किती धूसर, हे दिवा त्या कडेच्या आडव्या दिशेने किती रुंद दिसतो त्यावर ठरतं. नळी लांब असते, पण जाडी दीड-दोन सेंटिमीटरच. म्हणून पट्टीची कड नळीच्या लांबीला समांतर ठेवायची. तसं केलं की कडेच्या आडव्या दिशेने दिवा फक्त नळीच्या जाडीएवढा उरतो. वरून चिप नळीपासून दहा सेंटिमीटरवर नेली, तर मिलिमीटरच्या फटीत धूसरपणा मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येतो. तीच कड नळीला काटकोनात लावली तर उजेड पट्टीखाली लांबपर्यंत शिरतो आणि माणूस म्हणतो, झाकूनही सगळं पुसलं गेलं. मागचा चकचकीत पत्रा काढा, पेटीला आतून काळा मॅट कागद लावा. अंतर वाढल्याने वेळ वाढेल, तो भंगारातल्या चिपवर पुन्हा मोजून घ्या.

आता भंगारातली चिप पूर्ण पुसा, सगळीकडे ०० भरा आणि लॉक लावा. ८७५१ एच ला प्रोग्रॅम करायला २१ व्होल्ट लागतात, ८७सी५१ ला १२.७५. तुमचा प्रोग्रॅमर २१ देतो का ते आधी बघा, स्वस्तातले बरेच देत नाहीत. मग डायचा अर्धा भाग झाका आणि उघड्या भागाला पूर्ण मात्रा द्या. चिप उघडली तर लॉक उघड्या अर्ध्यात आहे. उघडली नाही तर झाकलेल्या अर्ध्यात. दर वेळी उरलेला भाग निम्मा करत जायचं. थोड्याच फेऱ्यांत लॉक एका अरुंद पट्ट्यात अडकतो.

याच खेपेत दुसरी माहिती फुकट मिळते. चिप उघडली की तिचा डम्प (सगळ्या मेमरीची वाचून काढलेली प्रत) घ्या: जिथे ०० राहिलं तिथे सावली होती, जिथे एफएफ झालं तिथे उजेड होता. म्हणजे डम्प हाच सावलीचा फोटो झाला. तो फोटो पहिल्यांदा बघताना माणूस गोंधळतो, कारण अर्धी डाय झाकली म्हणून अर्धे पत्ते वाचलेत असं बहुधा दिसत नाही. अशा मेमरीत बिटांचे उभे गट असतात, डी० चा एक पट्टा, डी१ चा दुसरा, असे आठ. एका दिशेने झाकलं तर प्रत्येक बाइटमधली चार बिटं जातात आणि चार राहतात. दुसऱ्या दिशेने झाकलं तर सलग पत्ते जातात. डम्पमध्ये सगळीकडे एफ० किंवा ०एफ दिसलं की समजा, कड बिटांच्या गटांमधून गेलीय. कोणत्या बाजूने कड लावली म्हणजे नुकसान कुठल्या बिटांचं होईल, हे कळल्याशिवाय खऱ्या चिपला हात लावू नका.

लॉक मेमरीपासून चांगला लांब असेल तर पुढचं सोपं आहे. मेमरी पूर्ण झाका, लॉकचा पट्टा उघडा ठेवा, थोडी थोडी मात्रा द्या आणि प्रत्येक वेळी वाचून बघा. चिप उघडली त्या क्षणी थांबा. पूर्ण मात्रा द्यायची गरज नाही आणि देऊही नये, कारण जास्तीचा प्रत्येक मिनिट कडेखालून आत झिरपतो.

लॉक मेमरीला खेटून असेल तर कडेची काही बिटं जातीलच. इथे तुमच्याकडे दोन कार्डं असणं हे मोठं भाग्य आहे. उजेडाने शून्याचा एक होतो, एकाचा शून्य कधीच होत नाही. म्हणून डम्पमध्ये जिथे शून्य दिसतंय ते पक्कं. जिथे एक दिसतंय, ते मुळातलं असेल किंवा पुसलं गेलेलं असेल. दोन्ही चिपमध्ये प्रोग्रॅम एकच असेल, तर एका चिपला पट्टी एका बाजूने लावा, दुसरीला दुसऱ्या बाजूने, म्हणजे दोघींची वेगळी बिटं जातील. मग दोन डम्पचा बिटागणिक अँड घ्या, म्हणजे दोन्हीकडे एक असेल तरच एक, नाहीतर शून्य. एकीत तरी शून्य शिल्लक असेल तर शून्य परत येतो.

एक बाइट घेऊन बघू. मूळ बाइट हेक्समध्ये ७५ आहे, म्हणजे ०१११०१०१. पहिल्या चिपमध्ये एक बिट पडलं आणि ७७ आलं, दुसरीत वेगळं बिट पडलं आणि ७डी आलं. दोघांचा अँड पुन्हा ७५. आता हे बघा की ८०५१ च्या (८७५१ ज्या घराण्यातली आहे त्याच्या) भाषेत ७५, ७७ आणि ७डी हे तिन्ही खरेखुरे आदेश आहेत, तिन्ही आकडा कुठेतरी ठेवायचे. ७५ तीन बाइटचा, बाकीचे दोन बाइटचे. म्हणजे एक बिट पडलेला डम्प डिसअसेंबलरमध्ये (आकड्यांचे आदेश उलगडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) घातला, तर तो निमूट काहीतरी उलगडून दाखवेल आणि पुढचे काही आदेश सरकतील. कुठेही लाल खूण येणार नाही. "कोड वाचता येतोय, म्हणजे डम्प बरोबर आहे" असं म्हणायचं नाही ते यासाठी.

दोन डम्पमधला फरक कुठे आहे तेही नकाशावर मांडून बघा. फरक फक्त पट्टीच्या कडेपाशी असेल तर प्रोग्रॅम एकच आहे. फरक सगळ्या मेमरीत विखुरलेला असेल तर दोन कार्डांत वेगळ्या आवृत्त्या आहेत, आणि अशांचा अँड घेतलात तर दोन्ही बिघडतील.

चिप म्हातारी होताना इलेक्ट्रॉन आपोआप गळतात, तेही शून्याकडून एकाकडेच. लांबी चुकवणाऱ्या कार्डाची चिप खरंच दोषी असेल तर तिचं दुखणं बहुधा हेच असेल आणि अँडचा उपाय तिलाही लागू पडतो. अशा अर्धवट गळालेल्या सेलसाठी व्होल्टेजची युक्ती आहे. वाचताना सेलच्या कंट्रोल गेटवर सप्लायचंच व्होल्टेज येतं. थोडे इलेक्ट्रॉन उरलेला सेल पाच व्होल्टला एक वाचला जातो, पण सप्लाय ४.५ किंवा त्याच्या किंचित खाली नेला तर पुन्हा शून्य वाचला जाऊ शकतो. वेगवेगळ्या व्होल्टेजला वाचून डम्प ताडून बघा. जी बिटं व्होल्टेजबरोबर बदलतात ती काठावरची. लॉकच्या बाबतीत हेच उलटं उपयोगी पडतं: अर्धवट पुसलेला लॉक सप्लाय थोडा वाढवला की आधी उघडा वाचला जातो. काही चिपमध्ये लॉकची स्थिती रीसेटच्या वेळी एकदाच पकडून ठेवतात. तिथे जास्त व्होल्टेजला चिप चालू करायची, लॉक उघडा पकडला गेला की व्होल्टेज उतरवायचं आणि मग मेमरी वाचायची. लॉक आणि मेमरी शेजारी असलेल्या चिपमध्ये हा एवढाच मार्ग उरतो असंही होतं.

कार्डावर ८७सी५१ (याच चिपची सीमॉस आवृत्ती) निघाली तर लॉकशिवाय आणखी एक अडथळा असतो, एन्क्रिप्शन टेबल. आवृत्तीप्रमाणे ३२ किंवा ६४ बाइट. वाचताना प्रत्येक बाइटचा टेबलमधल्या बाइटशी एक्सनॉर (दोन बिटं सारखी असतील तर एक, वेगळी असतील तर शून्य) होऊन तो बाहेर येतो. पण एफएफ चा कशाशीही एक्सनॉर केला तर उत्तर तोच बाइट येतो. म्हणजे प्रोग्रॅम संपल्यावर जी कोरी जागा उरते, तिथे टेबल जसंच्या तसं पुन्हा पुन्हा छापून येतं. डम्पच्या शेवटी तोच ठसा फिरून फिरून दिसला की किल्ली हातात आली. प्रोग्रॅमने मेमरी काठोकाठ भरली असेल तरच अडतं. टेबलही पुसता येण्यासारखंच असतं, पण ते झाकून ठेवून असं वाचणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

बाकी चिपबद्दल थोडक्यात, कारण हे वाचून कोणीतरी लगेच नव्या कार्डाकडे वळेल. खिडकीवाल्या पीआयसी मायक्रोकंट्रोलरच्या डेटाशीटमध्ये त्या बनवणारी मायक्रोचिप कंपनी स्वतःच सांगते की खिडकीवाल्या चिपला कोड-प्रोटेक्ट, म्हणजे लॉक, लावू नका. कारण काही आवृत्त्यांत लॉकच्या सेलवर धातूचं छप्पर आहे आणि प्रोग्रॅम पुसला तरी लॉक जात नाही. प्लास्टिकमधल्या पीआयसी १८एफ१३२० वरही असं छप्पर होतं. अँड्रू "बनी" हुआंग यांनी प्लास्टिक काढून घेतल्यावर मेमरीवर इन्सुलेशन टेपचा तुकडा ठेवला आणि चिप तिरकी धरली, म्हणजे उजेड आपटत आपटत छपराखाली पोचला. एसटीएम३२ एफ० या नव्या मायक्रोकंट्रोलरवरचा प्रयोग त्याहून शिकण्यासारखा आहे. योहानेस ओबरमायर आणि स्टीफन टॅश्नर यांनी २०१७ मध्ये दाखवलं की त्यात सर्वांत कडक संरक्षण एका ठरावीक बिटरचनेवर टिकलेलं असतं आणि त्यातलं काहीही बदललं की चिप एक पायरी खाली येते. म्हणजे एखादं बिट पाडलं तरी पुरे. ईईप्रॉम आणि फ्लॅश या विजेने पुसायच्या मेमरीत मात्र यूव्हीने सेल नेहमी एकाकडेच जाईल असं नसतं. तो मधल्या उदासीन पातळीवर येतो आणि ती पातळी शून्य वाचली जाईल की एक, हे चिपच्या रचनेवर ठरतं. त्यामुळे वर सांगितलेला अँड तिथे डोळे झाकून लावू नका. प्लास्टिक उकलायला धुरकट नायट्रिक ॲसिड लागतं, ते वर्कशॉपमध्ये करायचं काम नाही. फेल्युअर ॲनालिसिसच्या लॅबकडून करून घ्यावं. तुमच्या ८७५१ ला ते काहीच लागत नाही, खिडकी आहेच.

कायद्याचं विचारणारे बरेच भेटतात. यंत्र तुमचं, कार्ड विकत घेतलेलं, प्रोग्रॅमची प्रत खराब होण्यापासून बचाव म्हणून ठेवायची, याला कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये जागा आहे. कायदेशीर ताब्यातल्या प्रोग्रॅमचं काम कसं चालतं ते अभ्यासायलाही तिथेच मुभा आहे. तीच प्रत घेऊन कार्डं बनवून विकणं ही वेगळी गोष्ट आणि तिच्यात मी पडत नाही. साखर कारखान्याच्या किंवा मोंढ्यातल्या वजनकाट्याचा इंडिकेटर घेऊन कोणी आलं तर मी परत पाठवतो. त्यावर वैधमापन विभागाचं सील असतं आणि शेतकऱ्याचा ऊस-कापूस त्या आकड्यावर मोजला जातो.

डम्प हातात आला की आधी पत्ते तपासा. ००००, ०००३, ०००बी, ००१३, ००१बी, ००२३ या ठिकाणी रीसेट आणि इंटरप्टची दारं असतात. वापरात असलेल्या दाराशी बहुधा ०२ ने सुरू होणारी लांब उडी असते, रिकाम्या दाराशी ३२ किंवा एफएफ. उड्यांचे पत्ते प्रोग्रॅमच्या हद्दीत पडतायत का बघा. घिड्रा नावाची डिसअसेंबलर ८०५१ चा कोड उलगडते, तिच्यात घालून प्रत्येक उडी एखाद्या आदेशाच्या सुरुवातीलाच पोचते का ते तपासा. आदेशाच्या मध्येच पडणारी उडी दिसली तर तिथे बिट पडलेलं असण्याची शक्यता जास्त.

मग तो कोड एटी८९एस५१ किंवा एटी८९एस५२ या त्याच घराण्यातल्या नव्या चिपमध्ये घाला. पाय तेच, बारा क्लॉकचं चक्र तेच, टायमरचा हिशेब बदलत नाही. फक्त कार्डावर क्रिस्टल आहे की बाहेरून ऑसिलेटरचा क्लॉक दिलाय ते आधी बघा. जुन्या एनमॉस ८७५१ एच मध्ये बाहेरचा क्लॉक एक्सटल२ या पायाला देतात आणि एक्सटल१ हा पाय ग्राउंडला असतो. सीमॉस ८९एस५१ ला तो एक्सटल१ वर हवा असतो आणि एक्सटल२ मोकळा. तसं असेल तर ट्रॅक कापून वायर फिरवावी लागेल, नाहीतर चिप चालूच होणार नाही आणि तुम्ही डम्पला दोष देत बसाल. क्रिस्टल असेल तर काहीच करायचं नाही.

मूळ दोन्ही चिपच्या खिडकीवर फॉइलचं लेबल लावून, काळ्या अँटिस्टॅटिक फोममध्ये ठेवून द्या. नवी चिप कार्डात घातल्यावर पहिली चाचणी गरम सळईवर घेऊ नका. शिअरची मोटर सोडवून ठेवा, एन्कोडर हाताने किंवा ड्रिल मशीनने फिरवा आणि कटिंगच्या आउटपुटवर दिवा लावून पल्स मोजा. पॅनलवरच्या थंबव्हीलवर दोन-तीन वेगळ्या लांब्या घालून बघा. जुन्या चिपवर घेतलेल्या मोजणीशी आकडे जुळले की मग मोटर जोडा.